दार अडवणारं औषध

मराठी शिकवणाऱ्या बाईनं पेशीविज्ञानात नाक खुपसायचं काय कारण, असं स्टाफरूममध्ये मला दोन-तीनदा विचारून झालं आहे. कारण साधं आहे. घरात सत्तरी ओलांडलेलं हृदयाचं दुखणं असलं की औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद कुणाला तरी वाचावाच लागतो. आमच्याकडे ते काम माझ्या वाट्याला आलं. पोथी लावून वाचावी तसा मी तो वाचला. त्यात 'न्यूक्लिओसाइड' नावाचा एक शब्द भेटला आणि त्याच्या मागं मी बरेच दिवस हिंडले.

सासूबाईंना आम्ही सुना आत्या म्हणतो. आपल्या भागातली ती जुनीच रीत. आत्यांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले. २०२३ च्या पावसाळ्यात जिना चढताना त्यांच्या छातीत भरून यायला लागलं. ईसीजी ठीक आला. डॉक्टर म्हणाले, पट्ट्यावर चालवून बघितलं असतं, पण या गुडघ्यांनी त्या दोन मिनिटंही चालायच्या नाहीत. तेव्हा हृदयाला औषध देऊनच पळवू आणि फोटो काढू. या तपासणीला आपल्याकडे सगळे थॅलियम टेस्ट म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम वापरतात, पण नाव जुनंच राहिलं आहे.

तारीख मिळाली. इस्पितळातून फोन आला तेव्हा घरात आत्या एकट्याच होत्या. 'आदल्या दिवसापासून कॅफिन घ्यायचं नाही,' एवढं सांगून पलीकडून फोन ठेवला गेला. आत्यांनी निरोप चोख लक्षात ठेवला. त्यांच्या हिशेबी कॅफिन म्हणजे कॉफी. आणि कॉफी आमच्या घरात गौरीच्या सवाष्णीला सुद्धा होत नाही.

तपासणीच्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी नेहमीसारखा चहा घेतला. इस्पितळात सुई टोचायच्या आधी तिथल्या मुलीनं विचारलं, "आज्जी, चहा-बिहा घेतलाय काय?"

"घेतलो की अर्धा कप. कॉफी न्हवं काय."

झालं. तपासणी रद्द. दिरांची रजा गेली, गाडीचं भाडं गेलं, पाच दिवसांनंतरची तारीख मिळाली. परतीच्या वाटेवर आत्या गप्प होत्या, आणि आत्या गप्प असल्या की काळजी वाटते. पाच दिवस काही फार नव्हेत, पण छातीत भरून येणाऱ्या माणसाला ते पाच रात्रींच्या हिशेबानं मोजावे लागतात. माझा राग त्या मुलीवर मुळीच नाही. तिनं विचारलं म्हणून तर बरं झालं, नाहीतर पुढं काय झालं असतं ते सांगतेच. राग आहे तो फोनवरच्या त्या एका शब्दावर. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट अशी चार घरगुती नावं घ्यायला कितीसा वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना गाठलं. चहाचा आणि हृदयाच्या फोटोचा संबंध काय? सरांनी हजेरीच्या कोऱ्या कागदावर एक वाटोळं काढलं, ती पेशी. मग त्या वाटोळ्याला दार काढलं. पुढचं सगळं त्या दाराबद्दल आहे.

आपल्या प्रत्येक पेशीचा रोजचा खर्च एटीपी नावाच्या चलनात चालतो. हे एटीपी म्हणजे अ‍ॅडेनोसिन या रेणूला फॉस्फेटची तीन शेपटं. अ‍ॅडेनोसिन स्वतः दोन तुकड्यांचं असतं, अ‍ॅडेनिन आणि रायबोज नावाची साखर. अशा जोडीला न्यूक्लिओसाइड म्हणतात. तिला फॉस्फेट चिकटलं की तीच न्यूक्लिओटाइड होते. एका अक्षराचा फरक, पण काम पार बदलतं. आम्हा मराठीवाल्यांना हे समजायला जड जाऊ नये. शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की तो वाक्यात जागेवर बसतो, मोकळा हिंडत नाही. फॉस्फेट हा तसाच प्रत्यय आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं, प्राणवायू अपुरा आला, की एटीपी खर्ची पडतं, भरून निघत नाही, आणि शेवटी शेपटं गळालेलं अ‍ॅडेनोसिन उरतं. ते पेशीबाहेर येतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला सांगतं, रुंद हो, रक्त येऊ दे. घरात पीठ संपलं की रिकामा डबा वाजतो ना, तसंच हे. अ‍ॅडेनोसिनचा हृदयावर परिणाम होतो हे १९२९ साली इंग्लंडमध्ये ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी या दोघांनी प्राण्यांवर दाखवलं होतं. हृदय स्वतःचा रक्तपुरवठा या निरोप्याकरवी मागून घेत असावं, हा विचार १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट बर्न यांनी मांडला.

आता निरोप पोचला की निरोप्यानं निघून जायला हवं, नाहीतर रक्तवाहिन्या सताड उघड्याच राहतील. म्हणून रक्तातलं अ‍ॅडेनोसिन दहा सेकंदही टिकत नाही. तांबड्या पेशी आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी ते पटापट आत ओढून घेतात. पण पेशीचं आवरण तेलकट, आणि अ‍ॅडेनोसिन पाण्यात रमणारं. आवरणातून थेट घुसणं त्याला जमत नाही. त्यासाठी आवरणात प्रथिनांची खास दारं बसवलेली असतात. त्यांतल्या मुख्य दाराचं नाव ईएनटी-वन. कान-नाक-घशाशी याचा काही संबंध नाही. शास्त्रज्ञांनाही आद्याक्षरं जपून निवडायला कुणी तरी सांगायला हवं होतं.

या दाराची गंमत अशी की ते दोन्ही बाजूंना उघडतं. ज्या बाजूला गर्दी जास्त, तिकडून कमी गर्दीकडे माणसं जायची, एवढाच त्याचा नियम. मग आत गेलेलं अ‍ॅडेनोसिन पुन्हा बाहेर का येत नाही? इथं मला सरांचं चित्र पुरेना. मी त्यांना आपल्याकडच्या लग्नातली पंगत सांगितली आणि ते म्हणाले, बाई, बरोबर.

मांडवाच्या दारातून माणसं आत येतात. दारात कुणी अडवत नाही, आत आलेला पाहुणा तसाच बाहेरही जाऊ शकतो. पण आत यजमान उभे असतात. ते आलेल्याच्या हाताला धरून पाटावर बसवतात, पुढं पान मांडतात. पानावर बसलेला माणूस उठून जात नाही. दाराशी त्यामुळे सतत जागा मोकळी होते आणि बाहेरचे आत येत राहतात. पेशीतला हा यजमान म्हणजे अ‍ॅडेनोसिन कायनेज नावाचं विकर. तो अ‍ॅडेनोसिनला फॉस्फेटचं शेपूट लावतो, आणि शेपूट लागलेला रेणू त्या दारातून बाहेर मावत नाही.

विकर हा एन्झाइमला आपला पाठ्यपुस्तकी शब्द. दरवर्षी दोन-चार मुलं तो 'विकार' असाच वाचतात.

या यजमानालाच कुणी बाजूला घेऊन बोलत उभं केलं, म्हणजे विकराला निरोधक औषधानं थोपवलं, तर? दार उघडंच आहे. पहिली काही माणसं आत येतील, पण त्यांना बसवणारं कुणी नाही. दाराशी गर्दी साठेल, आत-बाहेर सारखीच होईल, मग जेवढे आत येतील तेवढेच बाहेर पडतील. लांबून बघणाऱ्याला वाटेल की दारच बंद केलं आहे. दाराला कुणी हातही लावलेला नसतो.

ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा याच्या उलट. औषध ओळखलं जातं एका विकराचं निरोधक म्हणून, पण ते जाऊन दारातच आडवं पडतं. आत्यांना शिरेतून द्यायचं होतं ते डिपायरिडामोल या जातीचं. फॉस्फोडायएस्टरेज नावाच्या विकराला ते आवरतं, अशी त्याची एक ओळख. पण हृदयाच्या तपासणीत उपयोगी पडतो तो त्याचा दुसरा गुण, न्यूक्लिओसाइडचं दार अडवण्याचा. प्रयोगशाळांत असे घोटाळे पुष्कळ झाले आहेत. एसबी-२०३५८० नावाचं एक रसायन पी-३८ या विकराला थोपवण्यासाठी जगभर वापरलं जायचं. ते ईएनटी-वनचं दारही अडवतं असं पुढं उघड झालं. म्हणजे प्रयोगात जो फरक दिसला तो विकरामुळं की दारामुळं, हे वेगळं तपासणं आलं. कॅन्सरवरची सायटाराबिन आणि जेम्सिटाबिन ही औषधं स्वतःच न्यूक्लिओसाइडच्या रूपाची आहेत आणि याच दारांतून पेशीत शिरतात. त्यांच्या बाबतीत दार उघडं आहे की नाही हा प्रश्न नुसता वहीतला राहत नाही.

असो. आपण आत्यांकडे येऊ.

डिपायरिडामोल १९५० च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत आलं, ते छातीत दुखणाऱ्यांसाठी. कल्पना सरळ होती. दार अडवलं की अ‍ॅडेनोसिन बाहेरच साठणार, रक्तवाहिन्या रुंदावणार, हृदयाला रक्त मिळणार. पण ज्या वाहिनीत अडथळा आहे तिच्या पुढचा भाग आधीच होता होईल तेवढा रुंदावलेला असतो. तो बिचारा आणखी कुठं रुंदावणार? औषधानं फुलतात त्या निरोगी वाहिन्या. त्यांच्यातला प्रवाह तीन-चारपट वाढतो आणि आजारी वाहिनी होती तिथंच राहते. छातीच्या दुखण्यावर म्हणून हे औषध काही फार उपयोगी ठरलं नाही. पण १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लान्स गूल्ड यांनी हीच उणीव उपयोगाला लावली. निरोगी आणि आजारी वाहिनीतला फरक एवढा ठळक होत असेल तर त्याचा फोटोच काढावा. शिरेतून औषध द्यायचं, मग किरणोत्सर्गी द्रव्याची सुई, मग फोटो. जिथं रक्त कमी पोचलं तो भाग फिका दिसतो. चालण्याची गरज नाही. गुडघे गेलेल्यांची त्यामुळं सोय झाली.

आता चहा. चहातलं कॅफिन दाराकडे फिरकतही नाही. अ‍ॅडेनोसिन निरोप सांगायला रक्तवाहिनीवरच्या ज्या खुर्चीवर बसतं, त्या खुर्चीवर हे आधीच जाऊन बसतं. बसतं आणि काहीच बोलत नाही. बाहेर अ‍ॅडेनोसिन कितीही साठलं तरी बसायला जागा नाही. मग वाहिन्या फुलत नाहीत, फरक दिसत नाही, आणि अडथळा असलेल्या हृदयाचा फोटो चांगला येऊ शकतो. त्या मुलीनं आत्यांना विचारलं नसतं तर 'सगळं ठीक आहे' असा कागद घेऊन आम्ही हसत घरी आलो असतो. म्हणून साधारण १२ ते २४ तास चहाही बंद. दम्याला घेतात त्या डेरिफायलिनमध्ये थिओफायलिन असतं, ते कॅफिनच्याच कुळातलं. तेही डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं. मुळात दमा असलेल्यांना ही तपासणी या औषधानं करतच नाहीत, कारण साठलेलं अ‍ॅडेनोसिन श्वासनलिका आवळू शकतं.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. अ‍ॅडेनिन हे नाव १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी दिलं. ते त्यांना स्वादुपिंडात सापडलं, आणि ग्रीक भाषेत ग्रंथीला 'अ‍ॅडेन' म्हणतात. याच कोसेलनी तीनच वर्षांनी, १८८८ साली, चहाच्या पानांतून थिओफायलिन वेगळं केलं. म्हणजे निरोप्याचा मुख्य तुकडा आणि त्याची खुर्ची बळकावणारा, दोघांची ओळख एकाच माणसानं करून दिली. दोघांचं एकमेकांशी असलेलं वैर मात्र त्यांच्या हयातीत कुणाला माहीत नव्हतं. १९१० चं नोबेल त्यांना मिळालं ते पेशींच्या रसायनशास्त्रावरच्या कामासाठी.

पाच दिवसांनी तपासणी झाली. आदला दिवस आत्यांनी गरम पाणी आणि सुंठीवर काढला. कुणी आलं-गेलं तर त्याला चहा करून द्यायच्या आणि स्वतः तोंड फिरवून बसायच्या. औषध चार मिनिटं हळूहळू शिरेतून गेलं. "कान गरम झाले बाई, डोकं ठणकलं," एवढंच त्यांनी नंतर सांगितलं. शेजारच्या ट्रेमध्ये अमिनोफायलिनची सुई भरून ठेवलेली होती, त्रास वाढला तर उतारा म्हणून. अमिनोफायलिन म्हणजे थिओफायलिनचंच एक रूप. जो चहा पाच दिवसांपूर्वी गुन्हेगार होता त्याचा भाऊबंद तिथं राखणीला बसला होता.

फोटोत हृदयाची पुढची बाजू फिकी आली. मग अँजिओग्राफी, मग एक स्टेंट. चौथ्या दिवशी आत्या घरी आल्या.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. घरी येऊन आठवडा व्हायच्या आत एका रात्री त्या उठून बसल्या. श्वास पुरत नाही म्हणाल्या. छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता, झोपल्यावर जास्त आणि चालल्यावर कमी असंही नव्हतं. मधूनच एक खोल श्वास ओढावा लागायचा. सकाळपर्यंत शेजारपाजारच्यांना कळलं. आणि सल्ले सुरू झाले. खानापूरकडच्या एका पाहुण्यांनी तर फोनवरून निकालच दिला: गोळ्या उष्ण पडल्या, दोन दिवस सगळ्या बंद करा. आत्यांना ते पटलंही. डोळ्यांसमोर दहा गोळ्यांची रोजची रांग असली की बंद करायचा सल्ला गोडच लागतो.

स्टेंट घातल्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या असतात. एक अ‍ॅस्पिरिन. दुसरी आत्यांना दिली होती टिकाग्रेलॉर, सकाळ-संध्याकाळ. ही एकाएकी बंद केली तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तसं झालं तर इस्पितळ गाठायलाही वेळ मिळत नाही. मी तो मुंगीच्या अक्षरांचा कागद पुन्हा उघडला. दम लागणं त्यात पहिल्या काही ओळींतच होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्लेटो नावाच्या अभ्यासात १८,६२४ रुग्ण होते. टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांपैकी १३.८ टक्क्यांना दम लागला, जुनी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी ७.८ टक्क्यांना. झटके आणि मृत्यू मात्र टिकाग्रेलॉरवाल्यांत कमी होते. आणि दम का लागतो, याचं जे एक कारण सांगितलं जातं ते वाचून मी खुर्चीतच सरळ बसले. ही गोळीही थोड्या प्रमाणात ईएनटी-वनचं दार अडवते. अ‍ॅडेनोसिन बाहेर रेंगाळतं आणि श्वास पुरत नसल्याची जाणीव देतं, असा तो तर्क. सरांनी हजेरीच्या कागदावर काढलेलं तेच दार.

त्या सकाळी घरात दोन पक्ष झाले. माझं म्हणणं एवढंच होतं, की दम गोळीचा असेल, हृदयाचाही असेल, ते आपण घरात ठरवायचं नाही आणि तोवर सकाळची गोळी चुकवायची नाही. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझ्या त्या दाराचीच गोष्ट न्हवं ही?" म्हणाल्या, आणि गोळी घेतली. तासाभरात आम्ही इस्पितळात होतो.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, इको केला, फुप्फुसं तपासली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघितला. सगळं जागेवर होतं. गोळीचाच दम आहे, काहींना तो दिवसागणिक कमी होतो, म्हणाले. पण आत्यांना झोप येत नव्हती आणि भीती जात नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली टिकाग्रेलॉर बदलून क्लोपिडोग्रेल सुरू केली. मध्ये एकाही दिवसाचा खंड न पाडता.

आत्यांनी उठता उठता विचारलं, "डॉक्टर, चहा त्या औषधाची खुर्ची अडवतो म्हणं. मग चहा घेतलो असतो तर दम थांबला असता काय?"

डॉक्टर हसले. आज्जी, तर्क तुमचा बरोबर आहे, पण कपात किती साखर घालता ते आधी सांगा, म्हणाले.

चार दिवसांत दम गेला. आता आत्यांच्या फाइलीच्या पहिल्या पानावर त्यांनीच सांगून माझ्याकडून ठळक अक्षरांत दोन ओळी लिहून घेतल्या आहेत. टिकाग्रेलॉरनं दम लागला होता, गोळी बदलली आहे. हृदयाच्या फोटोआधी चोवीस तास चहासुद्धा नाही. 'सुद्धा'खाली त्यांनी स्वतः रेघ ओढली आहे.